बेर्गामाचे शेतकरी: खटला जिंकला, खाण चालूच राहिली

13 फेब्रुवारी 2024 रोजी पूर्व तुर्कीतल्या इलिचजवळच्या सोन्याच्या खाणीत सायनाइडने भिजवलेल्या खनिजाचा ढीग कोसळला आणि नऊ कामगार त्याखाली गाडले गेले. ती बातमी वाचताना मला बेर्गामा आठवलं. सायनाइड आपल्या गावात नको म्हणून तीस वर्षांपूर्वी तिथले शेतकरी कोर्टात गेले होते. ते हरले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ते जिंकले.

बेर्गामा म्हणजे प्राचीन पर्गामम, इझमिर प्रांतातलं. याच भागात लिडियाचा राजा क्रीसस होऊन गेला. तुर्की लोक त्याची सांगड थेट कारूनशी घालतात. आपण 'कारूनचा खजिना' म्हणतो, तिकडे 'कारूनएवढा श्रीमंत' म्हणतात. थोडक्यात, इथल्या जमिनीत सोनं आहे ही काही नवी खबर नव्हती. नवी होती ती ते काढायची रीत. टनभर दगडात काही ग्रॅम सोनं. तो दगड दळायचा, सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवायचं आणि उरलेला गाळ तलावात साठवायचा. हा तलाव ओवाजिक, चामकॉय, नार्लिजा या गावांपासून काहीशे मीटरवर होणार होता. लोक कापूस, तंबाखू आणि ऑलिव्ह पिकवणारे, पाणी विहिरींचं, वर भूकंपाचा पट्टा. तलाव फुटला किंवा झिरपला तर काय, या त्यांच्या प्रश्नाला कंपनीचं उत्तर एकच होतं: तंत्रज्ञान आधुनिक आहे, काही होणार नाही.

युरोगोल्ड ही परदेशी भांडवलाची कंपनी 1989 मध्ये आली. सुरुवातीला गावकऱ्यांचा विरोध नव्हता, रोजगार कुणाला नको असतो? सायनाइड म्हणजे काय हे कळत गेलं तसा सूर बदलला. शहराचे महापौर सेफा ताश्कन त्यांच्या बाजूने उभे राहिले. ऑक्टोबर 1994 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने परवाना दिला आणि पुढच्याच महिन्यात गावकरी इझमिरच्या प्रशासकीय न्यायालयात गेले.

1996 मध्ये तिथे अर्ज फेटाळला गेला. त्याच सुमारास कंपनीने झाडं तोडली आणि मग गावं पेटून उठली. महामार्ग अडवला. ऐन थंडीत पुरुष उघड्या अंगाने शहरातून चालले. गावांनी स्वतःच मतदान घेतलं. एप्रिल 1997 मध्ये हजारो लोक थेट खाणीत घुसून बसले. ऑगस्टमध्ये त्यांच्यातल्या काहींनी इस्तंबूलला जाऊन बॉस्फरसच्या पुलाला स्वतःला बांधून घेतलं. या सगळ्यात डोक्याला रुमाल बांधलेल्या, सलवार घातलेल्या खेड्यातल्या बायका पुढे होत्या. मुस्लिम बाई म्हणजे घराच्या चौकटीतली, असं चित्र डोक्यात घेऊन बसलेल्यांनी ही छायाचित्रं जरूर पाहावीत.

आणि 13 मे 1997 रोजी देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निकाल फिरवला. जगण्याचा हक्क आणि निरोगी पर्यावरणाचा हक्क, म्हणजे तुर्की राज्यघटनेची 17 आणि 56 ही कलमं, यांच्या आधारे न्यायालय म्हणालं की सायनाइडच्या या वापरात सार्वजनिक हित नाही. इझमिरच्या न्यायालयाने परवाना रद्द केला. फेब्रुवारी 1998 मध्ये गव्हर्नरने खाण बंद करण्याचा आदेश काढला.

इथून पुढे सरकारने जे केलं ते मला सायनाइडपेक्षा जास्त विषारी वाटतं. न्यायालयाचे निकाल शासनाने पाळलेच पाहिजेत, असं त्याच राज्यघटनेचं 138 वं कलम सांगतं. म्हणून निकाल झुगारला असं कुणी म्हटलं नाही. 1999 मध्ये पंतप्रधान कार्यालयाने सरकारी विज्ञान संस्थेकडून अहवाल मागवला. धोके आता दूर झालेत, असं अहवालात आलं. त्याच्या जोरावर एप्रिल 2001 मध्ये 'चाचणी' म्हणून खाण सुरू झाली. दोन महिन्यांत इझमिरच्या न्यायालयाने तो आधारही रद्द केला. मार्च 2002 मध्ये मंत्रिमंडळाने खाण चालू ठेवण्याचा ठराव केला आणि तो प्रसिद्धही केला नाही. जून 2004 मध्ये त्याला न्यायालयाची स्थगिती मिळाली, ऑगस्टमध्ये खाण थांबली. त्याच महिन्यात मंत्रालयाने नव्या पर्यावरण अहवालाला हिरवा कंदील दाखवला. प्रत्येक निकालावर एक नवा कागद! प्रत्येक नव्या कागदासाठी गावकऱ्यांनी पुन्हा खटला लढायचा, पुन्हा वकील, पुन्हा इझमिरच्या खेपा.

10 नोव्हेंबर 2004 रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ताश्कन आणि इतरांच्या खटल्यात तुर्कीला दोषी धरलं. लोकांना मिळालेल्या निकालाची अंमलबजावणीच केली नाही तर त्यांचे हक्क पोकळ ठरतात, असा त्याचा आशय होता. दहा अर्जदारांना प्रत्येकी 3,000 युरो मिळाले. खाण पुन्हा सुरू झाली.

दरम्यान लोकांना बदनाम करण्याचं कामही चालू होतं. तुर्कीने सोनं काढू नये म्हणून जर्मनी या शेतकऱ्यांना पैसे पुरवते, असा प्रचार झाला. त्यावर पुस्तक निघालं. राज्य सुरक्षा न्यायालयात जर्मन फाउंडेशनांचे प्रतिनिधी आणि चळवळीतले कार्यकर्ते अशा 15 जणांवर देशाविरुद्ध कट केल्याचा खटला भरला गेला. 2003 मध्ये सगळे निर्दोष सुटले. पण एकदा 'परक्यांचा हस्तक' हा शिक्का बसला की निर्दोष सुटल्याचा कागद किती जण वाचतात, हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको.

गावंही पहिल्यासारखी राहिली नाहीत. खाणीत नोकऱ्या मिळू लागल्या तशी घराघरांत फूट पडली. काल पुलाला बांधून घेणाऱ्याच्या शेजारचा आज कंपनीच्या गणवेशात. त्याला दोष तरी कसा द्यावा? तंबाखू-कापसावर घर चालणं अवघड झालं होतं, आणि खटला जिंकून कुणाच्या ताटात भाकरी आली नव्हती.

2005 मध्ये खाण कोझा या तुर्की कंपनीकडे गेली. मग 'परदेशी कंपनी' हा मुद्दाही उरला नाही. दहा वर्षांनी, 2015 मध्ये, फतहुल्ला गुलेन यांच्या संघटनेशी संबंध असल्याच्या आरोपावरून सरकारने कोझा उद्योगसमूहच ताब्यात घेतला. त्याचे मालक तेव्हापासून ब्रिटनमध्ये आहेत. आता देशाविरुद्ध कट केल्याचा आरोप त्यांच्यावर होता.