अंडी : प्रतवारी व हाताळणी

कोंबडीचे अंडे कुक्कुटशाळेतून दुकानात जाईपर्यंत ते गोळा करणे, तपासणे, स्वच्छ करणे, वजनानुसार वेगळे करणे, त्यावर शिक्का मारणे व त्याची बांधणी करणे, या सर्व क्रियांचा समावेश या विषयात होतो. अंडे फोडल्याशिवाय त्याचा आतील भाग दिसत नाही आणि फोडल्यावर ते विकता येत नाही. या अडचणीतूनच तपासणीच्या पद्धती निर्माण झाल्या.

अंड्याच्या कवचास हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून बाष्प बाहेर पडते व रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढत जाते. अंधाऱ्या खोलीत मेणबत्तीपुढे अंडे धरून फिरविल्यास ही पोकळी, रक्ताचे ठिपके व कवचावरील बारीक तडे दिसतात. यावरून या परीक्षेस कँडलिंग हे नाव पडले. पुढे मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आला. शीतगृहांचा प्रसार होण्यापूर्वी चुन्याच्या निवळीत किंवा सोडियम सिलिकेटाच्या विद्रावात अंडी बुडवून ती अनेक महिने टिकवीत.

अंड्याच्या गुणवत्तेची जबाबदारी उत्पादकावर टाकण्याचा महत्त्वाचा प्रयत्न डेन्मार्कमध्ये झाला. तेथे १८९५ मध्ये सहकारी अंडी-निर्यात संघ स्थापन झाला. सभासदाच्या अंड्यांवर त्याचा क्रमांक उमटविला जाई. त्यामुळे शिळे अंडे कोणाकडून आले हे कळे व त्यास दंड होई. ब्रिटन ही या अंड्यांची मोठी बाजारपेठ होती. ब्रिटनमध्ये शेतमालाच्या प्रतवारीचा व चिन्हांकनाचा कायदा १९२८ मध्ये झाला. त्याच स्वरूपाचा कायदा भारतात १९३७ मध्ये झाला व त्यातून ॲगमार्क हे चिन्ह प्रचारात आले.

वाहतुकीतील फूटतूट हा दुसरा प्रश्न होता. फुटक्या अंड्यांवरून एक शेतकरी व एक हॉटेलमालक यांच्यात चाललेला वाद पाहून कॅनडातील जोसेफ कॉइल या वृत्तपत्रव्यावसायिकाने १९११ मध्ये प्रत्येक अंड्यासाठी स्वतंत्र खण असलेले कागदी खोके तयार केले.

अंडी धुवावीत की नाही, याबाबत मात्र मतभेद आहेत. कवचावर एक नैसर्गिक पातळ लेप असतो. तो छिद्रे झाकून सूक्ष्मजंतूंना अटकाव करतो. अमेरिकेत अंडी कोमट पाण्याने धुतात. त्यामुळे कवचावरील घाण जाते, परंतु लेपासही इजा पोहोचते. म्हणून तेथे अंडी पुढे सतत थंड ठेवावी लागतात. धुण्याचे पाणी अंड्यापेक्षा अधिक उष्ण असावे लागते. ते थंड असल्यास अंड्यातील द्रव्य आकुंचन पावते व जंतुयुक्त पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. याउलट यूरोपीय संघात ‘अ’ वर्गाची अंडी सामान्यतः धुतली जात नाहीत. लेप शाबूत ठेवावा व घरटी स्वच्छ राखावीत, असे तेथील धोरण आहे.

या दोन्ही पद्धतींचे लक्ष कवचावर होते. १९८० नंतरच्या दशकात मात्र साल्मोनेला एंटेरिटिडिस हा जंतू कोंबडीच्या जननेंद्रियांत शिरून कवच तयार होण्यापूर्वीच अंड्यात प्रवेश करतो, असे दिसून आले. असे अंडे दिव्यापुढे निर्दोष दिसते आणि धुतल्याने ते सुरक्षित होत नाही. डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यातील कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी देशातील बहुतेक अंडी-उत्पादनास या जंतूची बाधा झाली आहे, असे विधान केले. अंड्यांची विक्री एकदम घसरली व करी यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे १९९८ मध्ये कोंबड्यांना लस टोचण्याची अट घालून तेथे सिंहचिन्हाची योजना पुन्हा सुरू झाली. २०१७ मध्ये तेथील अन्न मानक संस्थेने या चिन्हाची अंडी अर्धी कच्ची असली तरी गर्भवती व बालकांना देण्यास हरकत नाही, असा सल्ला दिला.

भारतात १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली व उत्पादकांना आपल्या मालाचे भाव जाहीर करण्याचे साधन मिळाले. किरकोळ दुकानांत अंडी बहुधा ३० अंड्यांच्या लगदा-ट्रेमधून सुटी विकली जातात. त्यांवर उत्पादकाची खूण क्वचितच असते. प्रतवारीने अंड्याचा ताजेपणा कळतो व हाताळणीने तो टिकतो. त्याची निर्दोषता मात्र कोंबडीच्या आरोग्यावर अवलंबून असते, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.