शोभना गोखले

शोभना लक्ष्मण गोखले (१९२८ – २०१३) या मराठी पुरातत्त्वज्ञ, पुराभिलेखतज्ज्ञ आणि नाणकशास्त्रज्ञ होत्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले. ब्राह्मी लिपी, प्राकृत व संस्कृत कोरीव लेख आणि प्राचीन नाणी हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होत.

कान्हेरीतील संशोधन

मुंबईतील बोरिवलीजवळच्या कान्हेरी येथे शंभरावर बौद्ध लेणी आहेत. तेथील लेखांत कल्याण, सोपारा येथील दात्यांची दाने नोंदलेली आहेत, तसेच नवव्या शतकातील राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील लेखही आहेत. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड वेस्ट, भगवानलाल इंद्रजी, जेम्स बर्जेस आणि गेओर्ग ब्यूलर यांनी यांपैकी अनेक लेख प्रसिद्ध केले. मात्र भिक्षूंच्या स्मरणार्थ विटांचे स्तूप उभारलेल्या दालनाकडे पुरेसे लक्ष गेले नव्हते. १९७५ मध्ये गोखले यांना तेथील विटांच्या ढिगाऱ्याखाली २९ छोटे स्मृतिलेख आढळले. त्यांत दिवंगत भिक्षूंची नावे असून ‘थेर’, ‘अर्हत’ यांसारख्या उपाधी आहेत. राजे, राण्या व व्यापारी यांच्या दानलेखांपेक्षा हे लेख वेगळे ठरतात, कारण तेथे राहिलेल्या भिक्षूंची ओळख त्यांतून प्रत्यक्ष मिळते. प्राचीन बौद्ध विहारांतील मृतांच्या स्मरणाची प्रथा अभ्यासताना पुढील संशोधकांनी या लेखांचा आधार घेतला.

कार्याचे महत्त्व

पाऊस, वारा आणि मानवी हस्तक्षेप यांमुळे खडकावरील अक्षरे हळूहळू झिजतात. ओला कागद दगडावर दाबून, त्यावर शाई लावून घेतलेला ठसा आणि त्यावरून केलेले वाचन हीच अनेकदा त्या लेखाची टिकणारी प्रत असते. त्यामुळे लेखांचे संकलन व वाचन हेही वारसा-संवर्धनाचेच अंग ठरते. कान्हेरीचे विखुरलेले लेख गोखले यांनी ‘कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स’ (१९९१) या ग्रंथात एकत्र आणले. डेक्कन कॉलेजने तो प्रकाशित केला.

मराठी लेखन

हे शास्त्र मराठी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावे, यासाठी त्यांनी ‘पुराभिलेखविद्या’ हा ग्रंथ मराठीतून लिहिला. मराठी विश्वकोशासाठी त्यांनी प्राचीन लिपींविषयी नोंदीही लिहिल्या. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.