फ्रेझल व्हर्ब आणि प्रिपोझिशन

इंग्रजी क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ यांसारखे छोटे अव्यय जोडून जो नवा अर्थ तयार होतो, त्या जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. ‘गिव्ह’ म्हणजे देणे. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणे आणि ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे. परकीयांना सर्वांत जड जाते ती हीच रचना, असे सॅम्युएल जॉन्सनने १७५५ मध्ये आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत नोंदवले. फ्रेझल व्हर्ब हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ मधील ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकाने रूढ केले; ते हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे स्मिथ यांनी सांगितले आहे.

मराठी माणसाला ही कल्पना अगदीच अनोळखी नाही. संस्कृतात ‘हृ’ या एकाच धातूपासून उपसर्ग बदलून आहार, विहार, प्रहार, संहार असे शब्द होतात. वेदांच्या भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटा, मध्ये इतर शब्द ठेवूनही येत असे. इंग्रजीत अव्यय क्रियापदाच्या मागून येते आणि पुष्कळदा तसेच सुटे होते.

खरी मेख इथेच आहे. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही चालतात. मात्र कर्म सर्वनाम असेल तर ‘टर्न इट ऑफ’ एवढेच बरोबर, ‘टर्न ऑफ इट’ नव्हे. ‘लुक आफ्टर’ची गोष्ट उलटी: ‘लुक आफ्टर हिम’ म्हणायचे, ‘हिम’ मध्ये घालायचा नाही. कारण इथला ‘आफ्टर’ प्रिपोझिशन आहे, तो नामाला किंवा सर्वनामाला धरून राहतो. कानालाही थोडी खूण पटते. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो; ‘लुक अ‍ॅट इट’मधला ‘अ‍ॅट’ मात्र हलकाच उच्चारला जातो.

प्रिपोझिशनच्या चुका बहुतेक विभक्तीच्या ओढीने होतात. लग्न कोणाशी तरी होते, म्हणून ‘मॅरीड विथ’ तोंडात येते. हवे ‘मॅरीड टू’. एखाद्या विषयावर चर्चा होते, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. पण ‘डिस्कस’ला प्रिपोझिशन लागतच नाही. ‘दोन वर्षांपासून’साठी ‘सिन्स टू इयर्स’ सर्रास ऐकू येते. ‘सिन्स’ला आरंभाचा क्षण लागतो (‘सिन्स मंडे’), कालावधीला ‘फॉर’. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ प्रमाण इंग्रजीत नाही. प्रत्येक फरक मात्र चूक नसतो: शनिवार-रविवारसाठी ब्रिटिश ‘अ‍ॅट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’.

‘शी’ला ‘विथ’, ‘वर’ला ‘ऑन’ अशी तक्त्यातली पाठांतरे ‘डिपेंड ऑन’पाशी उपयोगी पडतात आणि पुढच्याच वाक्यात फसवतात. म्हणून वहीत सुटे ‘लुक’ न लिहिता ‘लुक आफ्टर समवन’ अशी अख्खी रचना, तिच्या एका पूर्ण वाक्यासह लिहावी.