गडावरच्या टाक्याची कुळकथा

सह्याद्रीतल्या बहुतेक गडांचे तट ढासळले, वाड्यांची जोती तेवढी उरली. कातळात खोदलेली टाकी मात्र अजून पाणी धरून आहेत. सपाटीवर पाण्यासाठी विहीर खोल न्यायची सोय असते. गडमाथ्यावर ती नसते. तिथे पावसाचे पाणी कातळाच्या पोटात साठवावे लागते. ही युक्ती किल्लेदारांची मानली जाते, पण तिचे मूळ त्यांच्या कितीतरी आधीचे आहे.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात तो माग लागतो. दाट रानातून कोकणात उतरणाऱ्या या घळीवर जीवधन किल्ला उभा आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखामुळे घाट सर्वांना ठाऊक आहे. त्याच घाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने टाके दान दिल्याचा एक छोटा ब्राह्मी लेखही आहे. टाक्यासाठी त्यात शब्द येतो ‘पोढी’. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने अशा दोन पोढी दिल्याची नोंद आहे. कान्हेरीच्या लेखांत तर ‘पानीय पोढी’ असा पुरा जोडशब्द सापडतो. म्हणजे भिक्खूंसाठी आणि घाट चढून येणाऱ्या व्यापारी तांड्यांसाठी दोन हजार वर्षांपूर्वी लोक टाकी खोदवून घेत आणि दात्याचे नाव कातळावर कोरत.

‘पानीय पोढी’ आणि रस्त्याकडेची ‘पाणपोई’ यांचे नाते इथेच दिसते. त्याला विरोध करणारे ‘पोई’ संस्कृत ‘प्रपा’पासून आणतात. त्यांची बाजू भक्कम आहे. क्षत्रपांचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेखात नदीकाठच्या प्रपांचा उल्लेख आहे आणि ‘प्रपा’चे ‘पवा’ होणे प्राकृताच्या नियमात बसते. उलट ‘ढ’ मराठीत सहजी गळत नाही. गाढव, वाढ, मढे यांत तो टिकून आहे. पण या पक्षाकडे एका प्रश्नाचे उत्तर नाही. ‘प्रपा’ म्हणजेच पाणी पिण्याची जागा; मग तिच्याआधी पुन्हा ‘पाण’ कशाला? ‘पानीय पोढी’त ही जोडी आयती मिळते. तेव्हा ‘पोई’चा उच्चार प्रपेचा असला, तरी ‘पाणपोई’ हा जोडशब्द आणि पुण्यासाठी पाणी देण्याची नावानिशी चाल पोढीकडून आली, हाच निकाल अधिक पटतो.

पुढे ‘पोढी’ बोलीतून गेली आणि ‘टाके’ रूढ झाले. ते ‘टंक’, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीवरून आले असावे. ज्या टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, तिनेच खोदले ते टाके. टाक्याच्या भिंतीवर हात फिरवला की तिरक्या घावांच्या ओळी आजही बोटांना लागतात. खांबटाक्यात तोंड उघडे ठेवून आतला कातळ खांबांवर तोलून धरलेला असतो. सावलीमुळे पाणी कमी आटते आणि शेवाळ कमी धरते. चावंडवर सात टाक्यांचा समूह आहे, तर शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी.

गडकऱ्यांनी या वारशाला युद्धाची जोड दिली. खोदकामातून निघालेला दगड तटाला लागला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर स्पष्ट ताकीद आहे: गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, झरा असला तरी त्यावर विसंबू नये, कारण झुंजात तोफांच्या आवाजाने झरे आटतात.

1818 मध्ये इंग्रजांनी जीवधनच्या वाटेच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, तरी माथ्यावरची टाकी राहिली. अनेक गडांवर वाटसरू आजही टाक्याचेच पाणी पितात. म्हणून गडावर जाणाऱ्याने टाक्यात उतरू नये, साबण लावू नये, कचरा टाकू नये. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी पाणी दान म्हणून द्यायला सुरुवात केली आणि ते दान अजून चालू आहे.