मंदिराच्या दारापाशीं

बंद दारामागें काय आहे हें जाणण्याची इच्छा मनुष्याला धर्मांतरापर्यंतही नेऊं शकते. अमेरिकेंत १८३० सालीं जोसेफ स्मिथ यानें स्थापिलेल्या मॉर्मन पंथाचीं रविवारचीं उपासनागृहें सर्वांस खुलीं असतात. मंदिरें मात्र निराळीं. सॉल्ट लेक सिटीचें मंदिर ४० वर्षांनीं पुरें होऊन ६ एप्रिल १८९३ रोजीं त्याचा अर्पणविधि झाला. आदल्या दिवशीं पंथाबाहेरील निमंत्रितांना तें दाखविण्यांत आलें. पुढें अधिकारपत्रावांचून प्रवेश उरला नाहीं.

कुतूहल त्यामुळें वाढलेंच. १९११ सालीं आंतील छायाचित्रें कोणीं चोरून घेतलीं व पंथाकडे पैशांची मागणी केली. ती नाकारून पंथानेंच १९१२ सालीं आंतील दालनांचीं चित्रें ग्रंथांत छापलीं. १९७४ सालीं वॉशिंग्टनजवळचें मंदिर अर्पणविधीपूर्वीं साडेसात लाखांहून अधिक लोकांनीं पाहिलें.

या ओढीनें बाप्तिस्मा घेतलेल्या प्रौढालाही आंतील मुख्य दीक्षेसाठीं साधारणतः एक वर्ष थांबावें लागतें. मद्य, तंबाखू, चहा व कॉफी वर्ज्य करावीं लागतात, उत्पन्नाचा दशांश द्यावा लागतो आणि आचरणाविषयीं प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात. म्हणजे मंदिर पाहण्यासाठीं पंथ पत्करणाऱ्याला, मंदिराचें अंतरंग कळण्यापूर्वींच, त्या पंथाचें जीवन जगून पाहावें लागतें.