एका टॅबची गोष्ट
तर मंडळी, आज 'मेक'. साल १९७६, अमेरिकेतली बेल लॅब्ज. स्टीव्ह जॉन्सन तणतणत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या ऑफिसात शिरले. अख्खी सकाळ बग शोधण्यात गेलेली, आणि बग तर आधीच दुरुस्त! फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. फेल्डमन यांची आदली संध्याकाळही असल्याच भानगडीत गेलेली. त्याच वीकेंडला त्यांनी 'मेक' लिहिलं: फायलींच्या वेळा बघायच्या, बदललंय तेवढंच परत बिल्ड करायचं.

कमांडच्या ओळीआधी मात्र टॅबच हवा, स्पेस चालत नाही. हे बदलावं असं त्यांना वाटलं, पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांचं काम मोडायला नको! मला नाही पटत. बारा मित्रांची समजूत काढता आली असती की. अँड्रॉइडच्या पोटातला लिनक्स कर्नल आजही मेकनेच बिल्ड होतो, टॅबसकट.