प्रवरा आणि घोड नदीकाठची माणसं : आपण काय जाणतो, कशावरून जाणतो

मागच्या दोन व्याख्यानांत आपण मोहेंजोदारो, लोथल, धोलावीरा इथे फिरून आलो. शेवटी समोरून प्रश्न आला होता, "सर, हे सगळं सिंध आणि गुजरातचं झालं. आपल्या महाराष्ट्रात काय होतं?" प्रश्न रास्त आहे. आजचं व्याख्यान त्याच्यावरच.

मी इतिहासाचा नव्हे, तत्त्वज्ञानाचा माणूस, तेव्हा सुरुवात थोडी आडवाटेने करतो. न्यायदर्शनात अनुमानाचा एक प्रकार सांगितला आहे, शेषवत्. म्हणजे परिणाम बघून कारण ओळखायचं. त्याचं जुनं उदाहरण नदीचंच आहे. नदी गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहते आहे, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला. ठाकुर्लीकरांना हे समजावून सांगायला नको. जुलैत उल्हास लाल पाण्याने फुगली की आपण म्हणतो, कर्जत-नेरळला जोरात दिसतोय. आपण तो पाऊस पाहिलेला नसतो.

पण न्यायसूत्रातच याच्यावर आक्षेपही घेतला आहे. पुढे कुठे बांध घातला तरी नदी फुगते, मग तुमचं अनुमान खोटं नाही का ठरलं? आपल्याकडे तर बांधसुद्धा लागत नाही, खाडीला भरती आली तरी पुरते. याला उत्तर असं की नुसतं फुगलेलं पाणी हा पुरावाच नव्हे. पाण्याला वेग आहे का, त्यावर फेस आहे का, झाडांची पानं, फळं, लाकडं वाहून येताहेत का, हे सगळं मिळून पावसाचा पुरावा होतो. एवढं लक्षात ठेवा. पुरातत्त्व म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत शेषवत् अनुमान. पाऊस पडून चार हजार वर्षं झाली आहेत.

आता प्रवरेच्या काठी जाऊ. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या तोंडात बसलेल्या नगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद नावाचं ठिकाण आहे. तिथलं पांढरीचं टेकाड 1958 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बोपर्डीकरांच्या नजरेला पडलं. म. न. देशपांडे यांनी पहिलं उत्खनन केलं, पुढे 1974-75 मध्ये एस. आर. राव यांनी, आणि त्यानंतर चार हंगाम एस. ए. साळी यांनी. हे राव म्हणजे लोथलवालेच. एकावर एक पाच वसाहतींचे थर निघाले. सर्वांत खाली सावळदा संस्कृती, त्यावर उत्तर-हडप्पा, मग दायमाबाद, माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. इसवी सनापूर्वी सुमारे 2200 पासून 1000 पर्यंतचा हा पट आहे. यातलं जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातल्या, प्रवरेच्याच काठच्या एका खेड्याचं. तिथे प्रथम सापडली म्हणून संस्कृतीला ते नाव मिळालं.

पण दायमाबादची कीर्ती झाली ती थरांमुळे नाही. 1974 मध्ये तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ, त्यात उभा सारथी, आणि दांडीवर चक्क एक कुत्रा. शिवाय रेडा, हत्ती आणि गेंडा. रथाची लांबी 45 सेंटिमीटर. चारही मिळून वजन 60 किलोच्या वर. खेळण्यातली चित्रं नव्हेत ही! इतकं कांसं त्या काळच्या कुठल्याही भारतीय गावात एकत्र सापडलेलं नाही. साहजिकच सगळ्यांना हर्ष झाला. हडप्पाचे लोक गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत आले होते, आणि आले ते असं वैभव घेऊन!

इथे मी तुम्हाला थांबवतो. पाणी फुगलेलं दिसतंय, कबूल. पण फेस कुठे आहे? या वस्तू शास्त्रीय उत्खननात, ठरावीक थरात, इतर वस्तूंच्या सोबतीने मिळाल्या नाहीत. साळी आणि ढवळीकर यांनी त्या उत्तर-हडप्पा काळातल्या ठरवल्या. डी. पी. अग्रवाल यांनी शंका काढली की या धातूत आर्सेनिकचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे, आणि ताम्रपाषाण काळातल्या आपल्याकडच्या इतर वस्तूंत तशी मिश्रणाची पद्धत दिसत नाही. हा वाद मिटलेला नाही. रथ सुंदर आहे, म्हणून तो हडप्पाचा, असं होत नाही हो.

याउलट त्याच दायमाबादच्या उत्तर-हडप्पा थरात काय मिळालं बघा. बटणासारख्या आकाराच्या मातीच्या दोन मुद्रा, त्यांवर सिंधू लिपीची चिन्हं. चिन्हं असलेली चार खापरं. मोजमापाची मातीची पट्टी. वस्तीतच कच्च्या विटांनी बांधून काढलेलं एक दफन, आणि त्या विटांचं प्रमाण 4:2:1, म्हणजे हडप्पाच्या विटांचं ठरलेलं प्रमाण. यातली एकही वस्तू संग्रहालयात गर्दी खेचणार नाही. पण ही वाहून आलेली पानं आणि लाकडं आहेत. लिपी, माप, वीट आणि मरणाची रीत, सगळी एकाच बाजूला बोट दाखवतात. सिंधूकाठच्या शहरांना उतरती कळा लागल्यावर त्यांच्या परंपरेतली माणसं दक्षिणेला प्रवरेपर्यंत पोचली होती, हे मी तुम्हाला रथावर हात ठेवून सांगणार नाही, विटेवर हात ठेवून सांगेन.

आता दुसरी नदी. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी 1968 पासून तिथे पंधराएक वर्षं काम केलं. इथे रथ नाही, लिपी नाही. शंभराहून अधिक घरं आहेत, चुली आहेत, धान्याच्या कणग्यांच्या आणि बळदांच्या खुणा आहेत. मला विचाराल तर भारतातल्या कुठल्याही प्राचीन खेड्याबद्दल आपण एवढं जाणत नाही.

या लोकांचं मुख्य पीक सातू, म्हणजे जव. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. घोड नदी पर्जन्यछायेतली. एक पाऊस चुकला की सगळं चुकलं. म्हणून त्यांनी नदीच्या पुराचं पाणी वळवायला पाट खणला आणि बांध घातला. हे एका कुटुंबाचं काम नव्हे. कोणीतरी चार लोकांना बोलावलं असणार, काम वाटून दिलं असणार, त्यांना खायला घातलं असणार. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर आहे, त्याला लागून धान्याचं कोठार. त्याच्या अंगणात चार पाय असलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात एका पुरुषाला मांडी घालून बसवून पुरलेलं आहे. बाकीच्या प्रौढांची पावलं घोट्याखाली तोडून त्यांना आडवं पुरत. याची पावलं शाबूत. ढवळीकर म्हणाले, हा गावचा प्रमुख. घर, कोठार, दफन, तीन गोष्टी एका दिशेच्या, तेव्हा अनुमान बरंच बळकट आहे.

आणि इतरांची पावलं का तोडत? मेलेला माणूस भूत होऊन चालत परत येऊ नये म्हणून, असं सांगितलं जातं. शक्य आहे. पण इथे फक्त फुगलेलं पाणी आहे, बरं का. मनातला विचार जमिनीत पुरला जात नाही. लहान मुलांना ते दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. नेवाशाला अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, तिच्या दोऱ्याला कापूस आणि रेशीम होतं. तिच्याबद्दल मी अनुमान करत नाही. तुमचं तुम्ही करा.

इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास इनामगावचं चित्र पालटतं. चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. मडकी ओबडधोबड होतात. शेती आटते, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढते. 700 च्या आसपास गाव उठतं. ढवळीकरांनी याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं मांडलं. पुढच्या काही संशोधकांनी त्याला हरकत घेतली. वाद पावसाचाच, पुन्हा न पाहिलेल्या पावसाचा. पण झोपड्यांबद्दल वाद नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांनी पाट खणला होता तीच माणसं आता मेंढरांमागे फिरू लागली होती. मुलांना मात्र ती शेवटपर्यंत रांजणातच, घरातच ठेवत राहिली.

"मग हे आपले पूर्वज होते का?" हा प्रश्न तुमच्या ओठांवर आहे, दिसतोय मला. या मातीतली भांडी आणि हाडं त्याचं उत्तर देत नाहीत. आडनाव, जात, भाषा यांतलं काहीच त्या थरांत नाही. सातू पिकवणारी, नदीला बांध घालणारी, मेलेलं मूल घरातच ठेवणारी माणसं इथे राहत होती, एवढं आहे.

इनामगावच्या वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. सवड काढून जा, आणि रांजणांपाशी जरा थांबा. पुढच्या वेळी घाट उतरून खाली येऊ, सोपारा आणि कल्याणच्या बंदरांकडे. आता प्रश्न घेऊ.